घाटात गाडी तापते: हेड उघडण्याआधी काय तपासायचं

चाळीसगाव तालुक्यातल्या एका शेतकरी भावाने विचारलंय, ते थोडक्यात असं. सात वर्षं जुनी डिझेल पिकअप आहे. केळी, लिंबू, कधी कांदा भरून ती कन्नड घाटाने छत्रपती संभाजीनगरला जाते. हिवाळ्यात काहीच त्रास नाही. होळी झाली की घाटात तापमानाचा काटा लालपर्यंत जातो आणि रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीतून पाणी उसळतं. वर सपाटीला लागली की काटा आपोआप खाली येतो. मिस्त्रीने दोन उन्हाळ्यांपूर्वी थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह) काढून टाकला. तेव्हापासून रेडिएटरमध्ये शेतातल्या बोअरचं पाणी टाकतात. मध्ये काट्याचा सेन्सर बदलला, वॉशिंग सेंटरवर रेडिएटर बाहेरून धुऊन घेतला. आता मिस्त्री म्हणतो, गॅस्केट (हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधलं पातळ सील) गेलं, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागेल, पंचवीस-तीस हजार धरून चला. तर हेड उघडू का?

भाऊ, आत्ता उघडू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत गॅस्केट गेल्याची एकही पक्की खूण नाही. थंडीत चांगली, उन्हाळ्यात वाईट, सपाटीवर चांगली, चढावर वाईट, ही रेडिएटरची ताकद कमी पडल्याची खूण आहे. गॅस्केट गेलेली गाडी ऋतू बघत नाही. माझं गॅरेज धुळ्याला आहे. आग्रा रोड, सुरत-नागपूर आणि सोलापूर रोड तिन्ही इथे मिळतात, त्यामुळे लळिंग, कोंडाईबारी, बिजासन आणि तुमचा कन्नड अशा सगळ्या घाटांतून तापून आलेल्या गाड्या मार्च ते जून आमच्याकडे रांगेने उभ्या असतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं हेड आधीच कुणीतरी उघडून परत बसवलेलं असतं, आणि गाडी तरी तापतेच.

आधी हिशोब समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. डिझेल जळून जी उष्णता तयार होते त्यातली साधारण एक तृतीयांश चाकांना ताकद म्हणून मिळते, जवळपास तेवढीच सायलेन्सरमधून निघून जाते, आणि उरलेल्यातला मोठा भाग पाण्याला बाहेर न्यावा लागतो. म्हणजे भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना इंजिन जेवढी ताकद चाकांना देतं, जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला हवेत सोडावी लागते. सपाटीवर पन्नास-साठच्या वेगाने जाताना हे काम याच्या निम्म्यानेही नसतं.

रेडिएटर उष्णता सोडतो ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. डिसेंबरात सकाळी हवा २० अंशांवर आणि पाणी ९५ वर असेल तर फरक ७५ चा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तेव्हा तोच फरक ५० चा राहतो, आणि तापलेल्या डांबराजवळची हवा तर त्याहूनही गरम असते. म्हणजे काहीही बिघाड नसताना रेडिएटरची एक तृतीयांश ताकद नुसत्या उन्हाने गेली. कंपनी हे धरूनच रेडिएटर देते, नवी गाडी मे महिन्यातही घाट चढते. पण ज्या रेडिएटरच्या नळ्या तीस-चाळीस टक्के बुजल्यात, तो डिसेंबरात बोलत नाही आणि एप्रिलमध्ये बोलतो. बिघाड उन्हाळ्यात झालेला नसतो, दिसतो तेवढा उन्हाळ्यात. म्हणून दरवर्षी होळीनंतर तुमचा त्रास थोडा थोडा वाढत गेला असणार. आठवून बघा, पहिल्या वर्षी काटा फक्त घाटाच्या शेवटी वर जात असेल आणि यंदा निम्म्यातच जात असेल.

म्हणून गाडी तापते म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो: कधी तापते? ट्रॅफिकमध्ये, उभ्या जागी तापते आणि हायवेला लागली की थंड होते, तर पंखा बघा. गाडी पळत असताना पुढून वारा आपोआप लागतो, पंखा मेलेला असला तरी कळत नाही. उभी राहिली की कळतं. उलट उभी असताना ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर ते थंड करू शकत नाही. आणि सकाळी थंड गाडी चालू केल्यावर चार-पाच मिनिटांतच वरचा पाईप दगडासारखा टणक झाला, पाणी अजून कोमटसुद्धा नाही, तर मात्र सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय आणि गॅस्केटचा संशय खरा. तुमची गाडी दुसऱ्या गटातली आहे.

तरी मिस्त्रीचं म्हणणं खोडून काढायला पुरावा हवा, आणि तो हेड न उघडता मिळतो. गाडी रात्रभर थंड ठेवा, सकाळी झाकण काढून पाणी तोंडापर्यंत भरा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ती आत अडकलेली हवा. पण बुडबुडे थांबतच नाहीत, ॲक्सिलेटर दिला की वाढतात, तर गॅस आहे. ऑइलची डिपस्टिक आणि ऑइल भरायचं झाकण बघा, दुधाळ चिकट थर आहे का. सायलेन्सरमधून गरम गाडीलाही पांढरा धूर येतो का. पक्कं करायचं असेल तर निळ्या द्रवाची टेस्ट असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची. जळलेला गॅस असेल तर निळा रंग बदलून हिरवट-पिवळा होतो. धुळे-जळगावच्या बऱ्या गॅरेजांत हे किट असतं. हे काहीच निघालं नाही तर हेडला हात लावायचं कारण नाही.

आणखी एक बिघाड लक्षात ठेवा, कारण तुमची गाडी बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा आधीचा सरकारी नियम) च्या काळातली आहे. पाणी कमी होतं, बाहेर कुठे थेंब दिसत नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, आणि सगळे गॅस्केट गॅस्केट म्हणतात. अशा वेळी ईजीआर कूलर फुटलेला असू शकतो. सायलेन्सरचा थोडा धूर थंड करून परत इंजिनात सोडायला तो बसवलेला असतो आणि त्याच्यातूनही हेच पाणी फिरतं. बोअरच्या पाण्याने तो आतून खाल्ला जातो, गळतं पाणी सरळ इंजिनात जाऊन जळतं. हेड उघडून, फेस मारून (हेडची बसायची बाजू घासून सपाट करून), नवीन गॅस्केट टाकूनही पाणी कमी होतच राहतं, ते अनेकदा यामुळे.

आता मुख्य मुद्दा, पाणी.

खान्देशात ठिबक माहीत नाही असा शेतकरी सापडणार नाही. ठिबकच्या नळ्या वर्षातून एक-दोनदा ॲसिडने धुवाव्या लागतात, नाहीतर छिद्रं बुजतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्या नळीतलं पाणी थंड असतं. तेच पाणी तुम्ही ९५ अंशांवर उकळायला ठेवलंय. पाण्यातला चुना गरम झाल्यावर जास्त लवकर बाहेर पडतो, आणि इंजिनात तो बसतो नेमका सगळ्यात गरम जागी, हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्हच्या आजूबाजूला. तिथे पापुद्रा धरला की लोखंडाची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही. काटा पाण्याचं तापमान दाखवतो, लोखंडाचं नाही. म्हणून काटा जेमतेम वर गेलेला असतानाही हेड आतून तडकू शकतं. उरलेली खर, म्हणजे साचलेला चुना, रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसते.

एकदाच भरलेलं जड पाणी फार नुकसान करत नाही, कारण त्यात जेवढा क्षार होता तेवढा बसला की संपला. नुकसान होतं ते रोज लिटर-दोन लिटर टाकत राहिल्याने. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो, पुन्हा नवीन पाणी, पुन्हा नवीन क्षार. तुमच्या गाडीत दोन उन्हाळे हेच चाललंय. गेल्या महिन्यात आमच्याकडे पारोळ्याकडची अशीच एक पिकअप होती. तिचा जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर होता, म्हणून वरची टाकी डाग उकलून काढता आली. आत नळ्यांची तोंडं दिसायला हवीत. तिथे पिवळट-पांढरी, खरबरीत खर होती. डाव्या बाजूच्या ओळीत तर नळीचं तोंड कुठे आणि खर कुठे हेच कळेना. पातळ पट्टी घालून बघितली तर काही नळ्यांत बोटभर आत जाऊन अडकत होती. बाहेरून हा रेडिएटर एकदम स्वच्छ होता, नुकताच धुतलेला. म्हणून वॉशिंग सेंटरला धुतला याचा अर्थ रेडिएटर साफ झाला असा घेऊ नका.

हे रेडिएटर न उघडता कळण्याचा एक मार्ग आहे, आणि तुम्ही तो करावा अशी माझी इच्छा आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर म्हणजे बंदुकीसारखं दिसणारं यंत्र आता हजारभर रुपयांच्या आसपास मिळतं. घाट चढून वर आलात की रुंद, सुरक्षित जागा बघून गाडी थांबवा, इंजिन चालूच ठेवा आणि लगेच रेडिएटरचा वरचा पाईप आणि खालचा पाईप, दोन्हींचं तापमान रबरावर घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर घेतलेलं रीडिंग खोटं येतं. तिथे घ्यायचं असेल तर काळी टेप चिकटवून तिच्यावर घ्या. पंख्याच्या आणि बेल्टच्या जवळ हात, बाही, उपरणं काही नेऊ नका. वरचा पाईप ९५ आणि खालचा ८५ ते ८८ असेल तर रेडिएटर काम करतोय. दोन्ही जवळपास सारखेच गरम असतील, तर पाणी फिरतंय पण थंड होत नाही. वारा लागत नाही किंवा जाळी बाहेरून बुजलीय. आणि खालचा पाईप वरच्यापेक्षा २५-३० अंशांनी थंड असेल, तर पाणी फारच हळू फिरतंय: नळ्या आतून बुजल्या, पंपाची पाती झिजली, किंवा खालचा पाईप चपटा होतोय. रेडिएटरच्या जाळीवर रीडिंग घेत गेलात आणि मध्येच थंड पट्टे लागले, तर त्या पट्ट्यांतल्या नळ्या बंद आहेत.

खालच्या पाईपवरून आठवलं. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. रबर जुनं होऊन मऊ पडलं की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) वाढल्यावर पंप त्याला आत ओढून चपटा करतो आणि पाणी बंद पाडतो. आरपीएम कमी केलं की पाईप परत गोल. उभ्या गाडीत सगळं ठीक दिसतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत त्याच्या आतून तारेची स्प्रिंग असते. पाईप बदलताना ती स्प्रिंग गंजली म्हणून फेकून देणारे मी बघितलेत. बदलला तर स्प्रिंगवालाच घ्या.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय आपल्याकडे फार खोल गेलीय. तर्क असा की वॉल्व्ह अडवतोय, अडवणारं काढून टाका, पाणी मोकळं फिरेल. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची डबी असते. पाणी साधारण ८२ अंशांवर आलं की मेण वितळून फुगतं आणि वॉल्व्ह उघडायला लागतो, ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो. पण बऱ्याच इंजिनांत त्याला खाली दुसरी चकती असते. वरचा रस्ता उघडताना ती बायपासचा रस्ता बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. मग गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाता तसाच पंपात आणि पंपातून परत इंजिनात. सपाटीवर हे खपून जातं, घाटात तोच भाग कमी पडतो. थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी इतक्या जोरात फिरतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही, असंही लोक सांगतात. ते खरं नाही. पाणी जास्त फिरलं तर जास्तच उष्णता बाहेर जाते. खरं कारण हा उघडा राहिलेला बायपास आहे.

शिवाय हिवाळ्यात सकाळी इंजिन तासभर कोमटच राहतं, डिझेल जास्त खातं, लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि रिंगची झीज वाढते, ऑइल लवकर खराब होतं. हा खर्च रोज होतो, म्हणून दिसत नाही. तेव्हा तुमच्या इंजिनाच्या नंबरचा नवीन थर्मोस्टॅट बसवा. बसवण्याआधी तपासा: भांड्यात पाणी, दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, तळाला न टेकलेला, आणि शेजारी थर्मामीटर. त्यावर जो आकडा छापलाय त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. त्याला बारीक खुंटीचं छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते.

रेडिएटरचं काय करायचं, ते तो कशाचा आहे यावर. तांब्या-पितळेचा असेल तर टाकी उकलून रॉडिंग होतं, म्हणजे नळ्यांत पातळ पट्टी घालून खर काढली जाते, आणि चांगलं होतं. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असतील, तर बाजारातलं रेडिएटर क्लीनर टाकून, इंजिन गरम करून, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन बघा. त्याने फरक पडला नाही तर रेडिएटर बदला. हेड उघडण्याच्या खर्चापेक्षा तो खर्च कमी आहे. आणि हात जोडून सांगतो, ठिबकला वापरायचं ॲसिड रेडिएटरमध्ये ओतू नका. ॲल्युमिनियमला ते खाऊन टाकतं, हेडसुद्धा बहुतेक ॲल्युमिनियमचंच असतं.

नंतर आत कूलंट. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न मला रोज ऐकू येतो. आपल्याला ते लागतं गंज थांबवायला आणि उकळबिंदू वाढवायला. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी हे मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं. नुसतं कूलंट भरू नका. पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, नुसत्या कूलंटने गाडी उलट जास्त तापते. गाडीच्या पुस्तकात जे प्रमाण दिलंय ते पाळा. बाजारात तयार मिसळलेलंही मिळतं, त्यात पुन्हा पाणी घालू नका. रंगावर जाऊ नका, हिरवा-गुलाबी-निळा हा काही ठरलेला नियम नाही. पुस्तकात लिहिलेला प्रकार बघा आणि दोन प्रकार एकत्र करू नका, काही वेळा त्याचा चिखल होतो. डिस्टिल्ड पाणी म्हणजे बॅटरीत टाकतो तेच. अडल्यावेळी आरओचं किंवा स्वच्छ गोळा केलेलं पावसाचं पाणी चालेल. बोअरचं फक्त जिवावर आलं असेल तेव्हाच, आणि घरी आल्यावर काढून टाकायचं. जुनं कूलंट शेतात, गोठ्याजवळ किंवा नाल्यात ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्रं-वासरू चाटतं आणि मरतं.

झाकण. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं. दर एक पीएसआय (दाबाचं माप) दाबामागे पाणी साधारण दीड अंश उशिरा उकळतं. १५ पीएसआय धरणाऱ्या झाकणाखाली साधं पाणी १२० च्या आसपास आणि निम्मं-निम्मं मिश्रण १२८-१२९ ला उकळतं. रबर कडक झालेलं, स्प्रिंग दमलेलं झाकण दाब सोडून देतं आणि मग घाटात शंभरलाच उकळून बाटलीतून उसळतं. तुमचंही हेच होत असू शकतं, त्यामुळे बुडबुड्यांची तपासणी झाली की पहिलं झाकण बदला. झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो, तोच घ्या. जास्त दाबाचं बसवलं तर जुने पाईप आणि टाकी फुटतील. झाकणात दुसरा बारीक वॉल्व्हही असतो, गाडी थंड झाल्यावर तो बाटलीतलं पाणी परत आत ओढतो. तो अडकला तर सकाळी वरचा पाईप चिकटून चपटा झालेला दिसतो आणि बाटली भरलेली असताना रेडिएटर मात्र रिकामा. म्हणून नुसती बाटली बघून पाणी आहे म्हणू नका.

वाऱ्याची बाजूही बघून घ्या. आपल्याकडे दिवाळीपासून कपाशीची वाहतूक आणि जिनिंगचा हंगाम, मार्च-एप्रिलात गहू-हरभऱ्याच्या मळणीचा भुसा. हे सगळं उडून गाडीच्या तोंडात जातं. रेडिएटरच्या पुढे एसीची किंवा इंटरकूलरची जाळी असेल तर दोन्हींच्या मधल्या फटीत सरकीचा कापूस, भुसा, किडे आणि ऑइल यांचा थर बसतो. पुढून पाइप मारला की तो आणखी घट्ट होतो. वरचे बोल्ट काढून रेडिएटर थोडा मागे सरकवला की हा थर हाताने ओढून निघतो, वीतभर रुंद तुकडेच्या तुकडे. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाने. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने जाळीच्या पाकळ्या आडव्या पडतात आणि वारा कायमचा अडतो. तुमच्या पाकळ्या पडल्यात का ते बघा. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं म्हणून काढून टाकलेलं असेल तर परत बसवा, त्याच्याशिवाय पंखा आजूबाजूचीच हवा घुसळतो. ग्रिलसमोर मोठा बंपर गार्ड, जादा दिवे, नावाची पाटी असेल तर उन्हाळ्यापुरती तरी काढा.

पंखा सिलिकॉन ऑइलच्या क्लचचा असेल, तर गरम इंजिन बंद केल्यावर तो लगेच थांबला पाहिजे. गरागरा फिरत राहिला किंवा क्लचच्या मधोमध तेलाचे ओघळ दिसले तर क्लच गेला. विजेचा पंखा असेल तर एसी चालू करून बघा फिरतो का. आणि कुणी वायरिंग केलं असेल तर उलटा तर फिरत नाही ना, हेही बघा. हा पंखा चावी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, बोटं सांभाळा. पाण्याच्या पंपाखालच्या बारीक छिद्रातून थेंब येत असेल तर सील गेलं, पंप बदलायचा. बेल्ट ढिला किंवा चकचकीत झाला असेल तर तोही.

आता हे सगळं होईपर्यंत घाटात काय करायचं. मोठ्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवत चढवू नका. एक गिअर खाली टाका, आरपीएम दोन-अडीच हजारांवर राहू द्या. पंप आणि बेल्टवरचा पंखा दोन्ही इंजिनाबरोबर फिरतात, आरपीएम पडला की तेही मंद होतात. पासिंगपेक्षा जास्त माल भरू नका, आणि जमलं तर पहाटे घाट चढा. काटा वर जायला लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि खिडक्या उघडा. उन्हाळ्यात हीटर ऐकायला विचित्र वाटतं, पण तो एक छोटा रेडिएटरच आहे. तरी काटा चढत राहिला तर बाजूला घ्या. पाणी आहे, वाफ नाही, तर इंजिन लगेच बंद करू नका. न्यूट्रलला दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, काटा उतरेल. वाफ दिसली, पाणी सांडलं किंवा काटा लालमध्येच राहिला तर मात्र ताबडतोब बंद.

आणि काटा वर असताना एकदम खाली पडला तर खूश होऊ नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणीच संपलं की तो हवेत लटकतो आणि काटा खोटं सांगतो. अशा वेळी एक किलोमीटरही पुढे गेलात तर हेड वाकतं.

झाकण गरम असताना उघडू नका. दाबाखाली ११० अंशांवरचं पाणी झाकण सैल होताच उकळून तोंडावर येतं. दर उन्हाळ्यात घाटात कुणीतरी भाजतंच, आणि ते बहुतेक क्लीनर पोरगं असतं. पाऊण तास थांबा, वरचा पाईप दाबता येतो का बघा, मग जाड कपडा धरून पाव फेरा, दाब निघू द्या, मग पूर्ण. पाणी टाकताना इंजिन चालू ठेवा आणि थोडं थोडं टाका. तापलेल्या हेडवर थंड पाण्याचा लोट गेला की तडा जातो. नंतर पूर्ण भरताना गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर चालू ठेवा, हवा निघेपर्यंत वरचा पाईप दाबत राहा. हवा अडकलेली गाडी सगळं नवीन टाकूनही तापते.

तुमच्याबरोबर ट्रकवाले भाऊही हे वाचतील, त्यांच्यासाठी एवढंच. मोठ्या डिझेल इंजिनांत लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं. इंजिन चालताना लायनर सूक्ष्म थरथरतो, त्याच्या पृष्ठभागावर बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूचे कण उडवतात. नुसत्या पाण्यावर चालवलेल्या गाडीचा लायनर काढला की एका बाजूला सुई टोचल्यासारखी छिद्रं दिसतात, काही आरपार. पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि मग हेड गॅस्केट बदलून काही उपयोग नसतो. ट्रकचं कूलंट वेगळं असतं, त्यात हे थांबवणारं रसायन असतं. ते कारच्या कूलंटने भागवू नका.

चाळीसगावचे भाऊ, आता या क्रमाने जा: बुडबुड्यांची सकाळची तपासणी, मग झाकण, मग जाळ्यांमधला कापूस, मग थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची धुलाई, मग कूलंट. प्रत्येक कामानंतर नेहमीच्याच मालासह तोच घाट चढून दोन्ही पाईपांची रीडिंगं घ्या आणि हवेचं तापमानही लिहून ठेवा. वरचा पाईप, खालचा पाईप, आणि काटा घाटात कुठल्या वळणाला वर गेला, हे मला कळवा. थंड गाडीला बुडबुडे थांबत नसतील तर तेही लगेच कळवा, त्या एका गोष्टीवर माझं उत्तर बदलेल.